सोळा आखूड चौकोन

प्रेमिलाबाईंकडे मी बावीस वर्षं ब्लाऊज शिवून घेते आहे, आणि इतक्या वर्षांत एकही ब्लाऊज मला कबूल केलेल्या दिवशी मिळालेला नाही. तरी दुसरीकडे जात नाही. तारीख चुकते, पण बाईंचं माप सूतभरही चुकत नाही. इंदोरा वस्तीत त्यांच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत मशीन, मशीनवर बाई आणि बाईंच्या गळ्यात टेप. ती टेप त्या जेवतानाही काढत नाहीत.

मागच्या खोलीत त्यांच्या सासूबाई असायच्या, भीमाबाई. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. पण स्वभाव काही गेला नाही, असं प्रेमिलाबाई म्हणायच्या. त्यांचं न्हाणंधुणं, जेवण, कूस बदलणं सगळं यांच्याच अंगावर. नवरा आधीच वारलेला, मुलगी रोशनी लग्न होऊन भंडाऱ्याला. मी गेले की म्हातारी खाटेवरून डावा हात वर करायची आणि अंगठा आणि करंगळी ताणून धरायची. प्रेमिलाबाई वैतागायच्या. आत्ताच तर जेवायला दिलं, अजून किती हवं, म्हणायच्या आणि ताटलीत भात घेऊन जायच्या. म्हातारी तोंड फिरवायची. मलाही ती भूकच वाटली होती. खोटं कशाला सांगू, मला तर थोडं हसूही यायचं.

गेल्या पावसाळ्यात भीमाबाई गेल्या. बाई रडल्या नाहीत. झोप पुरी होऊ दे आधी, मग बघू, म्हणाल्या.

माघात रोशनी बाळंतपणाला आली, सातवा संपत आलेला. तान्ह्या बाळाला आधी नवं कापड घालत नाहीत. जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी लागते. आजीनं आपल्यासाठी काहीतरी शिवायला घेतलं होतं, एवढं रोशनीला आठवत होतं. म्हणून खाटेखालची लोखंडी पेटी बाहेर निघाली. मी नेमकी त्याच दिवशी ब्लाऊज मागायला गेलेले. अर्थातच तो झालेला नव्हता.

पेटीत गोधडीचे चौकोन होते. हिरव्या, जांभळ्या, विटलेल्या लाल लुगड्यांचे, तीन-तीन पदरांचे, बारीक धावदोऱ्याचे. एकूण एकोणचाळीस. रोशनी हरखली. प्रेमिलाबाईंनी मात्र गळ्यातली टेप काढून एकेकाला लावायला सुरुवात केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान पसरलं. तेवीस चौकोन नऊ इंचांचे होते आणि सोळा साडेसातचे. जोडायला घेतले तर गोधडीला नुसत्या सुरकुत्या पडणार.

"पाहा मॅडम," त्या मला म्हणाल्या, "जिंदगीभर मले म्हणे, तुया कामात नजर नाही. अन् हे तिचं काम."

मग त्यांनी तो किस्सा सांगितला. मी तो आधी दहादा ऐकला होता. लग्न होऊन आल्यावर, एकोणीस वर्षांच्या असताना, सासूनं त्यांना लुगडी देऊन चौकोन करायला बसवलं. महिनाभर खपून केले. सासूनं हातात घेतले, पाहिले आणि हे माझ्या कामाचे नाहीत म्हणून घेऊन गेली. चुलीपुढं पोतेरं झालं असणार त्यांचं. त्या रागात बाई शिवणक्लासला गेल्या आणि टेप गळ्यात पडली ती आजतागायत. तेव्हा आता या पसाऱ्याचं काय करायचं ते त्यांनी लगेच ठरवून टाकलं. मोठे सगळे कापून साडेसातचे करायचे. धावदोरा उसवला तर उसवला. म्हातारीचं निस्तरून निस्तरून आपण थकलो, आणखी लाड नाहीत. कात्री उचललीसुद्धा.

रोशनीचं तोंड उतरलं. आजीचा टाका कापू नको, म्हणाली. मग वेळ काढायला म्हणून की काय, तिनं विचारलं, आजी मापायची कशानं?

"तिच्यापाशी कुठची टेप? वीतभर म्हणजे वीतभर," असं म्हणत प्रेमिलाबाईंनी दाखवायला म्हणून आपली वीत समोरच्या चौकोनावर टेकवली. आखूड चौकोन होता. अंगठा एका कडेला, करंगळी बरोबर दुसऱ्या कडेला. त्यांनी दुसरा आखूड घेतला. तोही तसाच. मग मोठ्यावर हात ठेवला, तर दोन बोटं कापड उरलं. भीमाबाईंचा हात चांगला मोठा होता, शेतमजुरीत रापलेला.

कात्री त्यांनी खाली ठेवली. सोळाही चौकोन प्रेमिलाबाईंचे स्वतःचेच होते.

"फेकले नाहीत मंग," एवढंच त्या म्हणाल्या.

पेटीच्या तळाशी पदरात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते रोशनीनं उलगडलं. सतरावा आखूड चौकोन. त्याच्या तीन बाजूंना बोटभर रुंदीची पट्टी हातानं जोडलेली, चौथ्या बाजूला पट्टी अर्धी लोंबत होती आणि सुई तशीच टोचलेली. सुईला गंज चढून कापडावर तांबूस डाग पडला होता. चारी बाजूंनी बोट-बोट वाढवलं की साडेसातचे नऊ होतात. म्हातारी सुनेचे चौकोन आपल्या मापाला आणत होती आणि पहिलाच चौकोन पुरा व्हायच्या आत लकव्यानं हात गेला.

बाईंनी ती गंजलेली सुई अलगद काढून घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वीत दाखवून राहिली होती ना बुढी. मी तिले भात वाढत होती."

मी हसले होते, हे मला सांगवलं नाही.

पट्ट्या आपण मशीनवर मारू, रोशनी हळूच म्हणाली, लवकर होतील, बाळाला दोनच महिने उरलेत.

"नाही वं. हातानंच. तारीख चुकली तर चुकू दे."

टेप त्यांनी पुन्हा गळ्यात घातली नाही, मशीनच्या खणात टाकली. चौथ्या बाजूच्या पट्टीवर आपलं बोट आडवं ठेवून रुंदी पाहिली आणि नवी सुई माझ्यापुढं धरली. त्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं. मी दोरा ओवून दिला.