पट्ट्यांना दाखवलेलं ऊन

कापसाची ती वर्षं वाईट होती. पाऊस मध्येच दडी मारायचा आणि वाढीला लागलेली पऱ्हाटी माना टाकायची. ओल धरायला प्लास्टिक अंथरलं, तर वेचणीत त्याचे तुकडे कापसात यायचे आणि जिनिंगवाले माल परत करायचे. म्हणून चाळिशीत मी पीएच.डी.ला विषय घेतला, उन्हात आपोआप मोडणाऱ्या पॉलिमरचा.

रेणूंच्या लांब साखळीत मी मध्ये मध्ये असे दुवे घातले होते, की त्यांच्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की ते तुटत. त्यामुळे हे पॉलिमर उजेडात करताच येत नसे. यवतमाळच्या उन्हाळ्यात काळे कागद लावलेली बंद खोली, एक लाल दिवा, आणि पंखाही नाही, कारण काचेवर ओतलेल्या पातळ थरावर धूळ बसते. वर्षभरात चाळीस पट्ट्या झाल्या. पऱ्हाटीच्या एका ओळीत अंथरण्यापुरत्या. अंथरताना वरून ऊन अडवणारा विरळ लेप द्यायचा होता, म्हणजे त्या पावसाळा काढून वेचणीच्या आधी मोडतील. त्या ओळीवर माझा शेवटचा प्रयोग आणि प्रबंध अडून होता.

ओळ माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या शेतातली, केळापूरजवळची. मृगाच्या आधी मी पट्ट्या काळ्या कागदात गुंडाळून डब्यात त्यांच्याकडे ठेवल्या. उंदरापासून जपा, पाण्यापासून जपा, एवढं बजावलं. उजेडाचं सांगायचं मला सुचलंच नाही. ज्या गोष्टीत मी वर्षभर बुडाले होते, ती सगळ्यांना ठाऊकच आहे असं मी धरून चालले होते.

परतल्यावर चैन पडेना. एकच तपासणी तीनदा केली, तिन्ही वेळा आकडे वेगळे आले. चौथ्या दिवशी उठले आणि एसटी धरली.

अंगणात पेरणीआधीचं वाळवण चालू होतं. तूर, गोधड्या, बियाणं, आणि बाजेवर माझ्या पट्ट्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर दोन खडे ठेवलेल्या.

"डब्याले लय वास येऊन राह्यला होता," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणून दोन दिवस ऊन दाखवलं. उनानं कायचं नासते?"

मी एक पट्टी उचलली. ती जुन्या पापडासारखी तपकिरी पडली होती, बोटात चुरा झाली. या उन्हातच तुटायला केल्यात, एवढं त्यांना सांगून मी अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. त्यांनी मला दोनदा बसायला सांगितलं, मग नाद सोडला आणि खडे उचलायला लागल्या.

"पाह्य, खड्याखाली धड आहे," त्या म्हणाल्या. खरंच, प्रत्येक पट्टीवर दोन गोल ठिपके पारदर्शक आणि चिवट राहिले होते. त्यांनी एक नखानं ओढून पाहिला. "मंग कडा मातीत दाबशीन, त्या कशा तुटतीन? अन् पऱ्हाटीची सावली पडल्यावर?"

प्रयोगशाळेत मी अख्खी पट्टी अतिनील दिव्याखाली ठेवून तपासली होती. शेतात निम्मी पट्टी अंधारात असणार, आणि तेच तुकडे वेचणीला वर येणार.

मार्गदर्शक फोनवर म्हणाले की दिव्याखालचे आकडे चांगले आहेत, शेताचा भाग गाळून प्रबंध देऊन टाका. सोपं होतं ते. मी खड्याखालचे ठिपके कापून मोजले. साखळी जशीच्या तशी. सावलीत पट्टी तुटत नाही, हे प्रकरण मी आधी लिहिलं, आणि ओल्या मातीत तुटेल असा दुसरा दुवा शोधायला बसले. प्रबंध दोन वर्षं लांबला.

माझ्यासाठी राखलेल्या ओळीत जाऊबाईंनी पट्ट्यांशिवाय नुसती सरकी मातीत टोबली. त्या साली पावसानं तीन आठवडे दडी मारली आणि ओळ वाळली. तसं त्यांनी एका वाक्यात कळवलं, आणि पुढच्या साली ओळ ठेवू का, हे विचारलं. दुसरा दुवा अजून सापडला नव्हता, तरी मी हो म्हणाले. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.