युसूफ मुकादमची पाच काडतुसं

साठच्या दशकात मी शारजाच्या छावणीत होतो. भारतीय फौजेतून नायक म्हणून बाहेर पडलो आणि तिथल्या एका स्थानिक दलात आर्मरर, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री, लागलो. अफसर ब्रिटिश, जवान बहुतेक अरब, आणि हत्यारं, गाड्या, भटारखाना सांभाळायला आमच्यासारखे हिंदी-पाकिस्तानी. संयुक्त अरब अमिराती हे नाव तेव्हा जन्मलंही नव्हतं.

युसूफ मुकादम श्रीवर्धनचा, मी रत्नागिरीकडचा. तो ड्रायव्हर. अल ऐनच्या बाजूच्या चौकीवर जवानांच्या पगाराची पेटी लँड रोव्हरमधून न्यायचं काम त्याचं. सोबत रायफलवाले तीन जवान असत. मोठं सर्व्हिस रिव्हॉल्व्हर स्टिअरिंगमागे त्याच्या बरगडीत रुतायचं, म्हणून त्याला पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं छोटं रिव्हॉल्व्हर मिळालं. सदऱ्याखाली ते दिसतही नसे.

काडतुसं कोणती द्यायची ते मी ठरवायचं होतं. स्टोअरमध्ये दोन प्रकार होते. एक साध्या शिशाच्या गोळीचं, सौम्य. दुसरं नवं, जादा दारूचं. त्याच्या नुसत्या डब्याकडे बघून जवानांची छाती फुगायची. माझी फुगली नाही. मी आधी झाडून बघतो, मग बोलतो.

आज अल कुसैसच्या इमारती आहेत तिथे तेव्हा नुसती वाळू होती. रॉकेलचा रिकामा डबा ठेवला आणि युसूफला दोन्ही प्रकार झाडायला लावले. जादा दारूच्या पहिल्याच गोळीला रिव्हॉल्व्हर त्याच्या हातात उसळलं. डबा जागच्या जागी. चार झाल्या, पाचव्यांदा चाप ओढला तर काडतुसांचं सिलिंडर फिरेचना. हत्यार हलकं, त्यामुळे धक्का जबर. त्या धक्क्यांनी उरलेल्या काडतुसातली गोळी पुढे सरकून अडकली होती.

"परकारभाई, ये तो दगा है," युसूफ म्हणाला.

"मग साधंच घे."

"लोक हसतील. म्हणतील, मुकादम चिमण्या मारायला निघाला."

"हसू दे. पाच वेळा चाप ओढलास की पाच वेळा गोळी सुटली पाहिजे. बात खलास."

सौम्य काडतुसांनी त्याने डब्याची चाळण केली.

आम्हा किनाऱ्यावरच्यांना एक खोड असते. खारा वारा लोखंड खातो म्हणून कुलपापासून कात्रीपर्यंत सगळ्याला खोबरेल चोपडायचं. या पठ्ठ्याने काडतुसांनाही चोपडलं! तेल बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत झिरपलं की काडतूस मेलंच समजा. मी त्याला शेलक्या शिव्या दिल्या आणि नवी, कोरडी काडतुसं दिली. पुढे प्रत्येक फेरीआधी ती मी स्वतः तपासायचो.

मग हुकूम आला: जवान कमी आहेत, पेटीसोबत एकच रायफल जाईल. हुकूम काढणाऱ्या मेजरसाहेबांकडे मी गेलो.

"एक पुरणार नाही, सर."

"रस्ता शांत आहे, नायक."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला सगळेच रस्ते शांत दिसतात.

पुढच्या फेरीला चौकीवरची मशीनगन दुरुस्त करायला मीही निघालो, मागच्या ट्रकमधून. दुपारी ट्रक वाळूत रुतला. युसूफची गाडी पुढे निघून गेली होती. थोड्या वेळाने आमच्या रेडिओवर युसूफचा आवाज खरखरला.

"कॉन्टॅक्ट. कोरड्या नाल्यात गोळीबार. सईद हिट."

सईद म्हणजे त्याच्यासोबतचा एकुलता एक रायफलवाला.

"युसूफ, गाडी मागे घे!"

"सईद खाली पडलाय, भाई. सोडून कसा येऊ?"

ट्रक तिथेच टाकून आम्ही रायफली घेऊन धावलो. पोचलो तेव्हा लुटारू पळाले होते. पेटी गाडीतच होती. सईद चाकाला टेकून बसला होता, मांडीतून रक्त वाहत होतं, पण जिवंत. त्याच्यापुढे युसूफ पालथा पडला होता.

सईदने तुटक हिंदीत सांगितलं. दोघे लुटारू पेटीसाठी जवळ आले. युसूफ त्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिला. त्याच्या गोळ्या त्या दोघांनाही लागल्या, दोघेही मागे फिरले. तिसरा टेकडीवर होता. त्याने तिथून रायफलीने युसूफला टिपलं. मी युसूफच्या हातातलं रिव्हॉल्व्हर उघडलं. पाचही काडतुसं उडालेली होती. मी तिथेच मोठ्याने रडलो.

चौकशीत मेजरसाहेब म्हणाले, "काडतुसं कमजोर होती. निवड मुकादमची आणि तुझी. त्यामुळे तो मेला."

"नाही, सर. पाच चाप, पाच गोळ्या. त्याला मारणारा टेकडीवर होता. त्या आखूड नळीतून तिथे कुठलंच काडतूस पोचलं नसतं. तिथे रायफली पोचतात. त्यातल्या दोन तुम्ही काढून घेतल्या."

"शब्द मागे घे. नोकरी टिकेल."

"नको मला नोकरी. मेलेल्याच्या माथी मी चूक मारणार नाही."

माझं काँट्रॅक्ट संपवलं. संपवू दे! मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते युसूफचं, अजूनही.

त्याला शारजातच दफन केलं. मी घरी जायच्या आधी श्रीवर्धनला गेलो. मेजरसाहेबांची गोष्ट माझ्याआधीच तिथे पोचली होती. युसूफची आई दारातच उभी होती.

"गोळ्या चुकीच्या घेतल्या म्हणे त्याने?"

"नाही, चाची. बरोबर घेतल्या. पाचही उडाल्या."

"आणि तो अरबाचा पोरगा?"

"वाचला. लंगडतो, पण चालतो."

तिने डोळे पुसले, दार सताड उघडलं आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत ये. आणि हे सगळं पुन्हा सांग. जोरात सांग."