टाचेखालचं बोट

फर्मा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं बूट शिवले, पायाकडे नुसतं पाहून माप सांगायचा, म्हणून बाजारानं त्याला फर्मा, म्हणजे बूट ज्यावर बेततात तो पायाचा लाकडी साचाच, करून टाकलं. बुटानं पायाचं ऐकायचं, पायानं बुटाचं नाही, हा त्याचा हेका.

साखरेच्या आजारात त्याच्या उजव्या पायाचा बोटांकडचा अर्धा भाग कापावा लागला. तरी गडी डगमगला नाही. उरलेल्या पायासाठी त्यानं स्वतःच बूट शिवला. पुढे टाच वर उचलली जाऊ लागली, तर हा चामड्यावर उभा राहून टाचेखाली बोट सरकवायचा. बोट गेलं की बुटात एक थर चढवायचा. दुकानात शेजारी बसणाऱ्या लेकीनं डॉक्टरांना दाखवा म्हणून घसा कोरडा केला. पण बुटातलं फर्म्याला कोण शिकवणार! दोन वर्षांत सात थर झाले, आणि पायाच्या पुढच्या टोकाला पडलेली जखम काही केल्या भरेना.

शेवटी लेकीनं त्याला दवाखान्यात नेलंच. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायाआधी बूटच उलटापालटा करून पाहिला. कुणी शिवला, म्हणून विचारलं.

"मीच," फर्मा ऐटीत म्हणाला.

"काम सुरेख आहे. पायाचा घात यानंच केला."

मग त्यांनी नीट समजावलं. पाऊल वर ओढणारं बळ कापलेल्या भागाबरोबर गेलं, टाचेमागची शीर मात्र ओढतच राहिली. टाचेला दर वेळी आधार मिळाला, तशी ही शीर आखडत गेली आणि सगळा भार पुढच्या टोकावर आला. आता शीर लांब करायची. तरीही जखम भरली नाही, तर गुडघ्याखालून पाय जाणार.

फर्म्याचं तोंड एवढंसं झालं. पाय जाण्याची भीती होतीच. पण आपल्याच हातानं हे झालं, याची लाज त्याहून मोठी होती.

शस्त्रक्रिया झाली. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता. ते निघाल्यावरही जखम भरायला वेळ लागला, पण भरली. नवा बूट लेक शिवणार होती. यानं हत्याराला हात लावायचा नाही, असं तिनं बजावलं होतं. तिनं चामडं जमिनीवर पसरलं, हा त्यावर उभा राहिला आणि सवयीनं वाकला. बोट सरकवलं. पुन्हा सरकवलं.

"लावू का एखादा थर?" लेकीनं चिमटा काढला.

फर्मा वाकलेलाच होता. डोळ्यांतलं पाणी चामड्यावर पडत होतं.

"बोट जात नाही गं," तो म्हणाला.