मामांनी सोडवलेला देश

इटली हा देश जर्मनांच्या तावडीतून चिंचवडच्या आमच्या शेजारच्या मामांनी सोडवला. बाकीच्या फौजा मदतीला होत्या, एवढंच. मामा मूळचे जवळच्याच मोशी गावचे. तरुणपणी दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर तिकडं जाऊन आलेले आणि तेव्हा माझ्याच कंपनीच्या गेटवर पहाऱ्याला. कुठलाही विषय ते दोन वाक्यांत इटलीला नेत. कॅन्टीनमध्ये शेवयांची खीर आली की म्हणत, "तिकडं ह्याच शेवया टोमॅटोच्या कालवणात खात्यात." दारात द्राक्षवाला आला तर त्याला तिकडच्या द्राक्षांची थोरवी ऐकावी लागे, शेवटी तो बिचारा कंटाळून भाव उतरवी. तिकडच्या बायका गॅलरीतून फौजेवर फुलं कशा उधळत, हे सांगण्याआधी मात्र मामी घरात नाहीत ना, याची ते खात्री करून घेत. कंपनीतल्या पोरांना यातलं अक्षरही खरं वाटत नसे.

एका वर्षी पुण्याच्या संग्रहालयात इटलीच्या मुक्ततेच्या छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं. पोरं म्हणाली, "मामा, चला, तुमचा फोटो बघू!" मामा कोटावर पदकं लावून आले. भिंतीभर रणगाडे, झेंडे, फुलं, हसणाऱ्या बायका. आपल्याकडचा चेहरा मात्र एकही नव्हता.

"मामा, यात तुम्ही कुठं?" एकानं विचारलंच.

"आमी पुढच्या गावाला असायचो," मामा म्हणाले. "फुलं मागनं येनाऱ्यांवर पडायची."

सगळे हसले. मामाही हसले आणि पुढच्या चित्रापाशी थबकले. नदीत पुलाचे दोन खांब तेवढे उभे होते. माणूस कुणीच नव्हता. मामांनी टोपी काढली.

"धोंडिबा हितं गेला," ते म्हणाले. "आमच्या मोशीचा."

मामांच्या इतक्या वर्षांच्या इटलीत हे नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

परतल्यावर मामा मला घेऊन तसेच मोशीला गेले. धोंडिबाची बायको अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"वैनी, आज त्यो पूल बघितला. फोटूत."

तिचे हात थांबले. "कसा हाय?"

"परत बांधला की. चांगला पक्का. पोरं साळंला जात्यात त्याच्यावरनं."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मामा अंगणात तसेच उभे राहिले. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "येवढ्या वर्सांत बांधलाच असंल की रं."