चौदाव्या किलोमीटरचा पॉइंट

पयल्यापासून सांगतो, न्हाईतर कोणी म्हणेल हा नुसता बायकोचं कवतिक करून राहिला. करून तर राहिलोच हाय, पण त्याला कारण हाय.

माझी बायको पोलीस हाय, नांदेडला, शिपाई. मी मोबाइल दुरुस्त करतो. आम्ही भेटलो लातूरला, पोलीस भरतीच्या तयारीत. पहाटे बायपासवर पोरं एका अंगानं पळायची, पोरी एका अंगानं. पोरांना सोळाशे मीटर, म्हणजे मैदानाचे चार राऊंड. मी तीनदा भरती दिली आणि तिन्ही वेळा तेच झालं. पयला राऊंड वाघासारखा, दुसरा बरा, आणि तिसऱ्याला छाती अशी भरून यायची की मी मागं वळून बघायचो. एकदा मागं बघितलं की संपलं, पळायचं सोडून पाय चालायला लागायचे. ती मात्र पयल्याच भरतीत लागली. लागली तरी लग्न माझ्याशीच केलं. आमच्या गावात, लातूरजवळच्या मुरुडात, लोक म्हणले, पोरगी पुढं गेली, पोरगं तिसऱ्या राऊंडलाच बसलंय. मित्र अजून विचारतात, "वहिनी घरी असली की तू कोण, आरोपी का साक्षीदार?" मी सांगतो, जामिनावर हाय.

मॅरेथॉनचं खूळ तिचंच. एकवीस किलोमीटर, दोघांनी, सोबत. आठ महिने आम्ही पहाटे पळालो. ती माझ्यापेक्षा दुप्पट पळू शकते, पण कधी एक पाऊल पुढं गेली न्हाई. माझा दम गेला की एवढंच म्हणायची, "पुढचा खांब." लाइटचा खांब आला की परत, "पुढचा खांब." असं खांबाखांबानं तिनं मला अठरा किलोमीटरपर्यंत नेलं. एका रविवारी तिला ड्युटी होती, मी एकटा निघालो आणि दहा मिनटात चहाच्या टपरीवर बसलो. घरी येऊन सांगितलं, दहा किलोमीटर झाले. तिनं माझ्या बुटाकडं बघितलं. बूट कोरे होते. तिनं चहा टाकला. म्हणजे मला पक्कं माहिती होतं, ती बाजूला असली तरच मी पळणार.

तर मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळी आम्ही नंबर आणायला गेलो. मंडपात टेबलावर एक पोरगा बसलेला. त्यानं तिच्याकडं बघून पाच किलोमीटरचा गुलाबी नंबर उचलला.

"मॅडम, फॅमिली रन ना?"

"एकवीस," ती म्हणली.

"आणि सर?"

"ते बी एकवीस. पण माझ्या मागं."

पोरगा हसला, मी बी हसलो. दोघांचे निळे नंबर हातात आले. बाकीचे लोक त्याला बिब म्हणून राहिले होते, आम्ही आपलं चेस्ट नंबर म्हणतो, भरतीची सवय. खरं सांगतो, मैदानावर चेस्ट नंबर हातात आला की मी तो घडी करून खिशात घालायचो. त्या दिवशी न्हाई घातला. आम्ही गाडीवर घरी आलो तेव्हा मी मागं बसलो होतो आणि दोन्ही नंबर असे धरले होते की सिग्नलला लोकांना वाचता यावेत.

घरी आल्यावर तिनं सगळं पलंगावर मांडलं. बूट, मोजे, टी-शर्ट, सेफ्टी पिना, खजूर. मी बटाटे उकडायला टाकले. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला, ठाण्याचा ग्रुप. तिनं वाचलं आणि हसायला लागली. मला वाटलं कोणी तरी जोक टाकला.

"काय झालं?"

"मंत्री येणार हायेत उद्या झेंडा दाखवायला. सगळ्यांच्या रजा बंद. माझी ड्युटी लागली."

"कुठं?"

"मॅरेथॉनच्याच बंदोबस्ताला."

मी गॅस बंद केला.

मी म्हणलं, साहेबांना फोन लाव, सांग आठ महिने झाले आम्ही घासून राहिलोत. ती म्हणली, ठाण्यात आम्ही लेडीज चारच, एकीचं लेकरू सहा महिन्याचं हाय, मी न्हाई गेले तर तिला जावं लागंल. मी म्हणलं, मग मी बी पळत न्हाई. पैसे गेले तर जाऊ दे.

तिनं मोबाइल पलंगावर ठेवला. मग एकदम शांत आवाजात म्हणली, "म्हणजे आठ महिने मी पळाले, तू नुसता सोबत होतास का?"

मी सैपाकघरात जाऊन बटाटे सोलत बसलो, गरम होते, बोटं भाजली.

ती गॅलरीत फोनवर बोलत होती. मला वाटलं, चला, शेवटी लावला फोन. कान लावून ऐकलं.

"न्हाई साहेब, रजेचं न्हाई म्हणत. पॉइंट तेवढा बदलून द्या. स्टेजजवळचा नको... पुलाजवळचा द्या. हाव, चौदा किलोमीटरवाला. ऊन लागतंय, माहिती हाय साहेब. चालंल."

मला काही कळेना. स्टेजजवळ सावली असती, खुर्ची असती, वरून चहा-नाष्टा. पुलाजवळ काय हाय? धूळ आणि ट्रक. मी विचारलं तर तिनं मॅरेथॉनच्या रस्त्याचा कागद घेतला, पेनानं रेघा मारून त्याचे चार भाग पाडले आणि माझ्यासमोर ठेवला.

"हे तुझे चार राऊंड. तिसरा कुठून कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. साडेदहा किलोमीटरपासून पावणेसोळापर्यंत.

"आणि मी कुठं हाय?"

बरोबर मधी. तिनं त्या जागी फुली मारली होती.

मी कागदाची घडी केली. म्हणलं, "बघू."

"बघू म्हणजे न्हाई. तुझं बघू मला लग्नाआधीपासून माहिती हाय."

एवढं सगळं होऊन बी मी हो म्हणलो न्हाई. आणि संध्याकाळी आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. मुरुडला ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करतात, नळाचा वॉल्व्ह त्यांच्या हातात, म्हणून गावात सगळे त्यांना धरून असतात. माझ्या एकाबी भरतीला ते आले न्हाईत, म्हणायचे गावाला पाणी कोण सोडणार. पण या वेळी वॉल्व्ह शेजाऱ्याच्या हवाली करून एसटीनं लातूर, लातूरहून नांदेड, असे आले होते, पांढरा सदरा, धोतर, हातात धपाट्यांचा डबा. माझ्यासाठी न्हाई. सुनेसाठी.

"जय भीम," दारातूनच म्हणले, "सून कुठंय? अख्ख्या गावाला सांगून आलोय, आमची सून एकवीस किलोमीटर पळून राहिली म्हणून. सरपंच म्हणला फोटो पाठवा."

तिनं पाणी दिलं आणि सांगितलं. आबांच्या समोर ती मला अहो-जाहो करते, तेव्हा लई गोड वाटतं. "आबा, मला ड्युटी लागली. ह्यांना विचारा."

आबांनी तांब्या खाली ठेवला. डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"मंग उद्या पळतंय कोण?"

पंखा चालू होता, कुकर शिट्टीवर आला होता. ती माझ्याकडं बघतच न्हवती, मुद्दाम पिना मोजून राहिली होती. आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी."

"तू?"

"मी. एकवीस."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आन् ही बंदोबस्ताला. म्हंजी तू मधूनच घरी पळू नये म्हणून सरकारनं सोय केली म्हण."

ती इतकी हसली की पिना सांडल्या. मी खाली बसून गोळा केल्या. जेवताना आबांनी अख्खी चार धपाटी माझ्या ताटात टाकली. ती म्हणली, आबा, उद्या पळायचंय त्यांना, दोनच द्या. आबा म्हणले, पोटात काही असंल तरच पळंल ना. मी दोन खाल्ली, दोन डब्यात परत.

जेवण झाल्यावर तिनं वर्दीला इस्त्री केली आणि मग माझ्या टी-शर्टावर नंबर लावला. चार कोपऱ्याला चार पिना, असा ताणून की एक सुरकुती न्हाई. तिचा नंबर टेबलावर पडलेला. आबांनी तो उचलला.

"ह्याचं काय करायचं?"

"काही न्हाई आबा, वाया."

"वाया कसा जाईल? पैसे भरलेत ना." असं म्हणून त्यांनी तो स्वतःच्या सदऱ्यावर धरून बघितला. "लाव गं हिथं."

तिनं लावला. तेवढाच ताणून.

रविवारी मी लायनीत उभा होतो तेव्हा आबा दोरीच्या पलीकडं, सदऱ्यावर निळा नंबर लावून. एका सूत्रसंचालकानं माइकवरून विचारलं, "बाबा, एकवीस का?" आबा म्हणले, "पळणार न्हाई. सुनेचा नंबर हाय, सांभाळून राहिलो." सगळे हसले. मंत्र्यांनी झेंडा हलवला. पोरं वाघासारखी सुटली. मी न्हाई सुटलो. खांब, पुढचा खांब.

दहा किलोमीटर बरे गेले. साडेदहानंतर छाती भरायला लागली, अगदी वेळेवर, जसं काय छातीला बी त्या कागदाची कॉपी दिली होती. तेराव्याला मी एकदा मान वळवली. मागं लई लोक होते, ते बघून थोडं बरंच वाटलं. पाय मात्र चालायला लागले. लाजंनं मी पुलाकडं नजर टाकली.

ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. खाकी, टोपी, तोंडात शिट्टी. समोरून एक एसटी आली, निलंग्याची, आणि तिनं हात वर केला. एसटी थांबली. मागं दोन टेम्पो थांबले. रस्ता मोकळा झाला, फक्त माझ्यासाठी, कारण त्या वेळेला मी एकटाच तिथं पोचलो होतो, पुढचे पुढं, मागचे मागं. तिनं माझ्याकडं बघून हसणं तर सोडाच, ओळख बी दाखवली न्हाई. ड्युटी म्हणजे ड्युटी. नुसतं बोट पुढं केलं. पुलावरचा पयला खांब.

मी पळायला लागलो. कंडक्टर खिडकीतून डोकं काढून तिला विचारत होता, "ओ मॅडम, एका माणसासाठी गाडी थांबवली, कोण हाय ते?"

आणि मी तिच्या बाजूनं जात असताना ऐकलं, शिट्टी बाजूला काढून, अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असं ती म्हणली, "नवरा हाय माझा. एकवीस पळून राहिलाय."

पुढचे सात किलोमीटर मागं बघितलं न्हाई. मेडल घेतलं तेव्हा आबांनी ते आधी दातानं चावून बघितलं आणि मग सरपंचाला फोटो पाठवायला माझाच मोबाइल मागितला.