कंसासाठी अडून बसणारे देवरे सर

प्रा. मधुकर देवरे सरांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागताना संपादकांनी विषयही सुचवले होते: सरांचं अध्यापन, सरांचं संशोधन, सरांचा साधेपणा. या तिन्हींवर लिहायला माझ्याहून लायक मंडळी इथे आहेत. मी सरांची विद्यार्थिनी, पुढे जळगावला त्यांच्याच विभागात शिकवू लागले, आणि सरांशी सर्वांत जास्त वाद कुणी घातले असतील तर ते मी. त्यामुळे मी एकाच वादाबद्दल लिहिणार आहे. तो मी हरले.

सरांची पहिली ओळख धुळ्याची. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ, कॉलेजात संगणक नुकताच आलेला, आणि तो ज्या खोलीत ठेवला होता तिथे चपला काढून जावं लागे. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं: दोन अधिक तीन गुणिले चार. वर्गाने एका सुरात चौदा म्हटलं. सर म्हणाले, "का? वीस का नाही?" शाळेत तसं शिकवलं म्हणून, आम्ही म्हटलं. सरांनी वसतिगृहाच्या खाणावळीतून ताटं मागवली आणि टेबलावर दोन थप्प्या लावायला घेतल्या. एका थप्पीत आकडे, दुसरीत चिन्हं, ताटाताटावर खडूने लिहिलेली.

"मशीन डावीकडून वाचत येतं," सर म्हणाले. "आकडा आला की आकड्यांच्या थप्पीवर. चिन्ह आलं की त्याने थप्पीवरच्या चिन्हाला विचारायचं, मान तुझा मोठा की माझा? वरच्याचा मोठा किंवा बरोबरीचा असेल तर त्याचं काम आधी उरकायचं. नसेल तर नव्या चिन्हाने त्याच्या डोक्यावर जाऊन बसायचं. आणि कंस आला की मानपान सगळं बंद, आधी कंसातलं." अधिकवर गुणिले चढून बसला, त्याचं काम आधी झालं, बारा आले, मग अधिकची पाळी आली, चौदा. ताटांचा एवढा खडखडाट झाला की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक बघायला आले. पुढे मी मोठमोठी पुस्तकं वाचली, पण सूत्र वाचणारं यंत्र मला समजलं ते त्या दिवशी. त्या तासाला मी सरांना विचारलं होतं, मान ठरवला कुणी? सर हसले आणि म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. उत्तर मलाही नीट माहीत नाही." एखाद्या प्राध्यापकाने भर वर्गात असं म्हणावं, हे मला नवीन होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही दोघंही जळगावला होतो. औद्योगिक वसाहतीत मोहनशेठ म्हणून एका गृहस्थांचा पशुखाद्याचा कारखाना होता. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. शेठ स्वतः इथल्याच मेहरूणच्या शाळेत शिकलेले आणि आमच्याइतकंच चांगलं मराठी बोलणारे. सरकीची ढेप, मका, मळी, मीठ आणि चिमूटभर युरिया, असं ते खाद्य. युरियाने गुरांना प्रथिनं मिळतात, पण मापातच. माप चुकलं तर तोच युरिया विष होतो, आणि जनावर डोळ्यांदेखत जातं. कारखान्यातले केमिस्ट चंदू महाजन प्रत्येक घाण्याचं माप कॅल्क्युलेटरवर काढत. शेठनी संगणक घेतला, आणि मापाचा प्रोग्रॅम सरांनी लिहून द्यावा अशी विनंती केली.

सरांनी नुसता प्रोग्रॅम लिहिला नाही. दर वेळी सूत्र बदललं की आपल्याला बोलवायला नको, महाजनांना स्वतःच सूत्र लिहिता यावं, म्हणून सरांनी एक छोटी भाषाच तयार केली. महाजन सूत्र टाइप करत, मशीन त्या ताटांच्या पद्धतीने ते वाचे आणि किलोचा आकडा छापून देई. आम्ही शेकडो सूत्रं घालून तपासली. कंस, गुणाकार, भागाकार, सगळं पुस्तकात असतं तसंच यायचं. मला त्या कामाचा फार अभिमान वाटत होता.

एके दिवशी प्रिंटरची रिबन बदलायला म्हणून आम्ही कारखान्यात गेलो होतो. दुपारची जेवणं आटोपत होती. कोठाराचे रखवालदार महाजनांना सहज म्हणाले, "साहेब, युरिया संपत आला, पोती मागवा." महाजन म्हणाले, "एवढ्यात कसा?" आणि पुन्हा डबा खायला लागले. सर उठले. त्यांनी सकाळचा छापील कागद हातात घेतला आणि तिथेच उभे राहून वाचला. मी सरांना चिडलेलं पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं. असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

झालं होतं ते असं. या खेपेला ढेप तीन वेगवेगळ्या तेलगिरण्यांतून आलेली. टनामागे एका ढेपेला आठ किलो युरिया हवा, दुसरीला नऊ, तिसरीला दहा. तिन्ही सारख्या मिसळायच्या, म्हणजे सरासरी नऊ. महाजनांनी आयुष्यभर जशी बटणं दाबली तसंच टाइप केलं: आठ अधिक नऊ अधिक दहा भागिले तीन. त्यांचा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल त्या क्रमाने हिशेब करायचा. बेरीज सत्तावीस, भागिले तीन, नऊ. आमच्या मशीनने भागाकाराला मान दिला. दहा भागिले तीन आधी, मग बेरीज. छापलेला आकडा वीस किलोच्या वर होता. महाजन चुकले नव्हते आणि मशीनही चुकलं नव्हतं, पण ढेपेत दुपटीहून जास्त युरिया पडला होता.

"गाडी?" सरांनी विचारलं.

"सकाळीच गेली," महाजन म्हणाले. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "पारोळ्याकडे. दूध सोसायटीला."

पारोळ्याजवळच्या एका गावची ती सोसायटी. गोण्या दुपारी वाटल्या जाणार आणि संध्याकाळी धारेच्या वेळी गुरांच्या आंबोणात पडणार. शेठनी फोन फिरवला, लाइन लागेना. ते सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सर, जीप घेऊन जा. पण तिथे एवढंच सांगा की गोण्या बदलून द्यायच्या आहेत. युरियाचं नाव निघालं तर माझा कारखाना बसला."

सर म्हणाले, "शेठ, कारण सांगितलं नाही तर निम्मे लोक म्हणतील, आजच्या दिवस घालू, उद्या बदलू." शेठनी स्वतः ड्रायव्हरला हाक मारली. महाजनांनी उरलेला माल अडवायचा असं ठरलं, आणि आम्ही निघालो.

एरंडोल मागे पडलं. पुढे मला राहवेना. मी म्हटलं, "सर, प्रोग्रॅम बरोबर आहे. जगातली प्रत्येक भाषा भागाकार आधीच करते." सर रस्त्याकडे बघत होते. मी पुन्हा म्हटलं, "नियम आपण केलेला नाही."

"बरोबर आहे तुझं, ज्योती," सर म्हणाले. "पण ते सूत्र ज्याने लिहिलं, त्याला काय म्हणायचं होतं हे आपण विचारलंच नाही. आपण पुस्तकाला विचारलं." मग ड्रायव्हरला म्हणाले, "नाना, जरा दामटा."

मला तेव्हा रागच आला. इतकी मेहनत करून जे काम अचूक केलं, त्याला सर चूक म्हणत होते. पारोळ्याला सरांनी जनावरांच्या दवाखान्यासमोर जीप थांबवली, डॉक्टरांना गाडीत घेतलं आणि बाजारातून मिळेल तेवढा व्हिनेगर घेतला. वेळ आधीच कमी होता. उन्हं कलायला लागली होती.

गावात पोचलो तेव्हा सोसायटीच्या ओट्यावर एकही गोणी नव्हती. सेक्रेटरी आबा म्हणाले, "बठ्ठ्या वाटी दिन्यात. काय व्हयनं?" सरांनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. आबांनी मारुतीच्या देवळातला भोंगा सुरू करून दिला. सर साक्रीकडचे, अहिराणी त्यांची घरची भाषा. कॉलेजात मात्र मी त्यांच्या तोंडून ती कधी ऐकली नव्हती.

"मी देवरे, जळगावना मास्तर," भोंग्यातून आवाज आला. "आज ज्या गोण्या उन्यात, त्यामाधली ढेप ढोरेसले टाकू नका. त्यामा युरिया जास्त पडेल शे. चूक मनी शे. ज्यासनी टाकी व्हई, त्यासनी लगेच देऊळजोडे या."

चूक माझी, एवढंच; महाजनांचं नाव नाही, शेठचं नाही, मशीनचंसुद्धा नाही. सर ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. माणसं दारात आली, कुणी गव्हाणीकडे पळालं, कुणी सरांना शिव्या घातल्या. सरांनी त्या ऐकून घेतल्या. आणि मग एक बाई धावत आल्या. सखूअक्का त्यांचं नाव, पदर खांद्यावरून सुटलेला. "मनी म्हैस," एवढंच त्यांना बोलता आलं.

अक्कांची म्हैस नुकतीच व्यालेली, म्हणून त्यांनी तिला दुपारीच आंबोण दिलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती थरथरत होती, पोट फुगलेलं, तोंडाला फेस. डॉक्टरांनी गार पाण्यात व्हिनेगर कालवला आणि नळीने पाजायला घेतला. आंबटाने युरियाचं विष मंदावतं, असं ते मला सांगत होते. मला वाटतं, माझा धीर सुटू नये म्हणून. म्हशीची मान सरांनी धरली. एवढं मोठं जनावर, ते हिसडे देई आणि सर त्याच्याबरोबर फरफटत जात. मी बादल्या भरत होते. जीपमध्ये केलेला माझा सगळा युक्तिवाद मला तिथे एकदाही आठवला नाही. म्हैस एकदा खाली बसली आणि तिने मान टाकली, तेव्हा अक्कांनी हंबरडा फोडला. सर मान धरून तसेच बसून राहिले. दिवेलागणीला तिने मोठा ढेकर दिला, पोट उतरलं, आणि ती पायांवर उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "वाचली." सर भिंतीला टेकले आणि तोंडावर हात घेऊन रडले. मीही रडले.

आम्ही परत आलो तेव्हा शेठनी महाजनांना घरी बसवायचं ठरवलं होतं. सर म्हणाले, "मग माझा प्रोग्रॅमही काढून टाका. चूक आमच्या दोघांच्या मधे झाली आहे." महाजन त्याच कारखान्यातून निवृत्त झाले, आणि या ग्रंथाच्या गौरव समितीत त्यांचं नाव आहे.

त्यानंतर सरांनी त्या भाषेत जो बदल केला त्यावरून आमचा वाद झाला, तोच हा मी हरलेला वाद. अधिक-वजा आणि गुणिले-भागिले एकाच सूत्रात आले, की कंस घातल्याशिवाय मशीन उत्तरच देईना. शिवाय आपण काय समजलो ते कंसांसकट छापून विचारायचं, असंच म्हणायचं आहे का? मी म्हटलं, सर, ही माघार आहे. सर म्हणाले, असू दे. पुण्याच्या एका परिसंवादात सरांनी हे मांडलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, खानदेशात शाळेत अग्रक्रम शिकवत नाहीत वाटतं. सभागृह हसलं. सरही हसले आणि म्हणाले, "शिकवतात. कॅल्क्युलेटरला कुणी शिकवला नाही." ती म्हैस पुढे करून त्यांना टाळ्या मिळवता आल्या असत्या, पण त्यांनी तिचा उल्लेखही केला नाही. आज माझे विद्यार्थी कंस टाळून सूत्र लिहितात तेव्हा मी त्यांचे गुण कापते, आणि ते माझ्याशी तावातावाने भांडतात.

शेवटचं सांगते. नवा माल तयार झाल्यावर सर स्वतः गाडीबरोबर त्या गावी गेले, मीही गेले. सोसायटीच्या ओट्यावर गोण्या उतरल्या, पण कुणी एकही उचलेना. आबांनी समजावलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. लोक नुसते उभे. शेवटी सखूअक्का पुढे आल्या. त्यांनी एक गोणी उचलायला सांगितली, घरी नेऊन फोडली, आंबोणाचं टोपलं सरांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आते तुमीच टाका."

सरांनी ते आंबोण त्या म्हशीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, तोंड घातलं. सर जागचे हलले नाहीत. अक्का म्हणाल्या, सर, चहा घ्या. सर म्हणाले, "थांबा, अक्का." आम्ही सगळे अंगणात उभे, आणि सर तिच्याकडे बघत उभे राहिले, ती निवांत बसून रवंथ करू लागेपर्यंत. मग अक्का ओट्याकडे गेल्या आणि बायांना म्हणाल्या, "न्या वं गोण्या."

आपण केलेल्या कामासमोर असं उभं राहणारी माणसं मी फार थोडी पाहिली. सर, तुमची तब्येत ठणठणीत राहो, नजर आणि पाय शाबूत राहोत, आणि अजून पुष्कळ वर्षं तुम्ही आमच्या कामासमोरही तसेच उभे राहा, आम्हाला चहा न घेऊ देता.