पायडलवरचा पाय

वसईच्या बाजारात दत्तूकाका शिंप्यांचं दुकान आहे. सकाळी रेडिओवर फादरांचं रेकॉर्ड केलेलं पाच मिनिटांचं बोलणं लागलं, की काका शिलाई मशीनच्या पायडलवरून पाय उचलतात. चर्चची पायरी ते कधी चढलेले नाहीत आणि या फादरांना त्यांनी पाहिलेलंही नाही. पण त्यांचंच ऐकून काका एकदा कित्येक वर्षांचा अबोला मोडून भावाकडे जेवायला गेले होते. समोर कोण बसलंय हे दिसत नसताना इतकं जवळचं कसं बोलता येतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

काल मी ब्लाउज न्यायला गेले, तेव्हा एक वयस्क पाद्री उसवलेला पांढरा झगा घेऊन आले. रेडिओ चालू होता.

"बसा फादर," काका हळूच म्हणाले, "आमच्या रेडिओवरच्या फादरांचं संपू दे."

ते स्टुलावर बसले आणि मान खाली घालून, ओशाळल्यासारखे, शेवटपर्यंत गप्प राहिले.

कार्यक्रम संपला. काकांनी झगा मशीनवर घेतला, चाक फिरू लागलं.

"घाई नाही हो," पाद्री म्हणाले, "उद्या दिलात तरी चालेल."

काकांचा पाय आपोआप पायडलवरून उचलला गेला.